मुंबई बेटावरील मुचकुंद आणि त्याचे सगोत्र वृक्ष: एक आढावा

टेरोस्पर्मम ही उष्ण कटिबंधीय आशियातील सपुष्प वृक्षांची एक प्रजाती, म्हणजे एकमेकींशी जवळचे नाते असलेल्या अनेक जातींचा गट, असून ती हिमालयाच्या पायथ्यापासून श्रीलंका, ब्रह्मदेश आणि दक्षिण चीन ओलांडून फिलिपिन्स व इंडोनेशियाच्या बेटांपर्यंत पसरलेली आहे. महाराष्ट्रात तिची ओळख आहे ती मुचकुंद या नावाने. मुंबईच्या मूळ बेटावर, विशेषतः गिरगाव, भायखळा, परळ, लालबाग आणि दादर या दाट वस्तीच्या पट्ट्यात, या प्रजातीतील एकही जाती आपणहून उगवलेली नाही. ती इथे माणसाने आणली आणि माणसाने राखलेल्या जागांतच टिकली. त्यामुळे मुंबईतील मुचकुंदाचा विचार करताना वनस्पतिशास्त्राइतकाच जमिनीचा इतिहास पाहावा लागतो: कोणत्या आवारात मोठे झाड वाढू दिले गेले, कोणत्या रस्त्यावर ते वाढणे शक्यच नव्हते, आणि आज झाड लावताना संख्येचा जेवढा विचार होतो तेवढा जातीचा का होत नाही, हे सर्व प्रश्न त्यात येतात.

या प्रजातीचे कूळ कोणते, याचे उत्तर गेल्या काही दशकांत बदलले आहे. जुन्या मराठी वनस्पतिशास्त्रीय लेखनात कापूस, अंबाडी, जास्वंद आणि भेंडी यांचे भेंडी कूल, काटेसावर व गोरखचिंच यांचे शाल्मली कूल, फालसा व धामण यांचे परुषक कूल आणि मुचकुंद, कांडोळ, कोको यांचे मुचकुंद कूल अशी चार कुळे वेगवेगळी मानली जात. या विभागणीचा एक आधार परागकोशात होता. परागकोश म्हणजे केसराच्या टोकाची, पराग तयार करणारी पिशवी. ती भेंडी-जास्वंदीत एका कप्प्याची असते, तर मुचकुंदात दोन कप्प्यांची. आनुवंशिक द्रव्याची तुलना सुरू झाल्यावर हा भेद कुळे वेगळी करण्याइतका खोल नाही असे दिसून आले आणि १९९८ मध्ये सपुष्प वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने मांडलेल्या वर्गीकरणात ही चारही कुळे एका विस्तृत भेंडी कुळात, म्हणजे माल्व्हेसीत, विलीन झाली. जुनी कुळे आता उपकुळांच्या रूपाने काही अंशी शिल्लक आहेत, पण त्यांच्या सीमा सरकल्या आहेत. मुचकुंद आता डोंबेयॉइडी या उपकुळात गणला जातो, तर कांडोळ आणि जंगली बदाम स्टर्क्युलिऑइडीत राहिले. मराठी पाठ्यपुस्तकांनी आणि बागांतील नामफलकांनी हा बदल अजून पुरता स्वीकारलेला नाही. तो स्वीकारला तर मुंबईच्या अभ्यासकाला एक मोठा लाभ होईल, कारण परळ-लालबागच्या गिरणगावाचे पोट ज्या पिकावर चालले तो कापूस, भेंडी बाजाराला नाव देणारी भेंड, माघ-फाल्गुनात पेटणारी काटेसावर आणि मुचकुंद हे सारे एकाच घराण्याचे सदस्य म्हणून समोर येतील.

मुचकुंदाच्या शास्त्रीय नोंदीचा प्रवास वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसपासून सुरू होतो. १७५३ मध्ये त्याने या झाडाला पेंटापेटेस या प्रजातीत, म्हणजे परसात भर दुपारी उमलणाऱ्या तांबड्या दुपारीच्या शेजारी बसवले. श्रेबरने १७९१ मध्ये टेरोस्पर्मम ही स्वतंत्र प्रजाती स्थापली आणि विल्डेनोने १८०० मध्ये मॅपलसारख्या पानांचा म्हणून ॲसरिफोलियम हे नाव कायम ठेवून मुचकुंदाला तिच्यात आणले. प्रजातीचे नाव तिच्या पंखधारी बियांवरून पडले आहे. तिच्यात नेमक्या किती जाती आहेत यावर एकमत नाही. वेगवेगळ्या याद्यांत वीस ते चाळीसच्या दरम्यान संख्या आढळतात आणि या तफावतीचे कारण झाडातच आहे. एकाच झाडावर खालच्या, कोवळ्या फांद्यांची पाने खोल खंडांची असतात, वरच्या फुलोऱ्याच्या फांद्यांची पाने जवळपास अखंड असतात, आणि संग्रहात दाबून ठेवलेल्या एका डहाळीवरून जाती ठरवणाऱ्याला दोन फांद्या दोन वेगळ्या जाती वाटू शकतात. या प्रजातीच्या अभ्यासात नमुन्यासोबत झाडाचे वय आणि फांदीची जागा नोंदवणे म्हणूनच अत्यावश्यक ठरते, आणि जुन्या नमुन्यांत नेमकी हीच माहिती बहुधा नसते.

मराठीत मुचकुंद म्हणून ओळखले जाणारे वृक्ष दोन आहेत. पहिला टेरोस्पर्मम ॲसरिफोलियम, म्हणजे हिंदीतील कनकचंपा, हा हिमालयाच्या पायथ्याचा, बंगाल-आसाम-ब्रह्मदेशाकडचा उंच वृक्ष. दुसरा टेरोस्पर्मम सुबेरिफोलियम, हा दख्खनच्या पूर्वेकडील कोरड्या टेकड्यांचा आणि श्रीलंकेचा, आकाराने लहान, पाने तिरपी व आखूड, फुलेही लहान. औषधी ग्रंथांत आणि काष्ठौषधीच्या व्यवहारात दोहोंची सरमिसळ झालेली आहे. दक्षिण भारतात याशिवाय टेरोस्पर्मम रेटिक्युलेटम, रुबिजिनोसम, डायव्हर्सिफोलियम अशा जाती घाटांच्या जंगलात आढळतात, परंतु मुंबईच्या बागांत ज्याला मान मिळाला तो पहिला, थोर पानांचा मुचकुंद, आणि पुढील विवेचन प्रामुख्याने त्याचेच आहे.

हा वृक्ष जवळून पाहिला तर त्याचा प्रत्येक अवयव मोठ्या मापाचा असल्याचे जाणवते. खोड सरळ, साल करडी व बरीचशी गुळगुळीत, उंची अनुकूल जागी पंचवीस-तीस मीटरपर्यंत. पान वीतभर नव्हे, दीड वीत सहज भरते. त्याची वरची बाजू गडद हिरवी व चकचकीत, तर खालची बाजू दाट लवीमुळे पांढुरकी किंवा राखाडी असते. ही लव ताराकृती केसांची, म्हणजे एका बिंदूतून चांदणीसारख्या फुटलेल्या बारीक रोमांची बनलेली असते आणि भेंडी कुळातील अनेक वनस्पतींची ती खूण आहे. वारा सुटला की पाने उलटतात आणि सगळा माथा क्षणात हिरव्याचा रुपेरी होतो, त्यामुळे पुष्कळ झाडांतूनही मुचकुंद लांबून ओळखता येतो. काही पानांचा देठ कडेला न जुळता पात्याच्या आतल्या भागात जुळतो; अशा पानाला छत्राकृती म्हणतात. पूर्व भारतात ही पाने पत्रावळीसारखी जेवायला आणि बाजारात माल बांधायला वापरली जातात, तर पानाखालची लव जखमेचे रक्त थांबवण्यासाठी आणि चकमकीची ठिणगी धरण्यासाठी वापरली जात असे.

फुलाची रचना या वृक्षाच्या स्वभावाची किल्ली आहे. कळी बोटासारखी लांब, पाच कण्यांची, बाहेरून गंजासारख्या तपकिरी लवीने मढलेली असते आणि दिवसभर घट्ट मिटलेली राहते. संध्याकाळ उलटल्यावर तिचे पाच निदल, म्हणजे कळीचे बाहेरचे जाड आवरण बनवणारी दले, केळीच्या सालीसारखी टोकापासून सुटत मागे वळतात. त्यांची आतली बाजू फिकट पिवळसर असते. त्यांच्या मध्यभागी अरुंद, पांढऱ्या, पातळ पाकळ्यांचा झुबका आणि त्यातून पुढे आलेला केसरांचा दांडा दिसतो. त्यावर तीन-तीनच्या पाच गटांत पंधरा फलदायी केसर असतात आणि प्रत्येक दोन गटांमध्ये एक वंध्य केसर, म्हणजे पराग न देणारा, पांढरा, सुळसुळीत तंतू असतो. पांढरा रंग, रात्रीचे उमलणे, दाट गोड सुगंध आणि खोल नळीच्या तळाशी साठलेला मधुरस हे सारे लांब सोंडेच्या निशाचर पतंगांना सोयीचे आहे. सकाळपर्यंत पाकळ्या आणि केसर जमिनीवर पडतात, तरी त्यांचा वास ओसरत नाही. सुकलेल्या फुलांचाही सुगंध कितीतरी दिवस राहतो, आणि ती कपड्यांच्या घडीत ठेवण्याची पद्धत त्यामुळेच पडली. फळ लांबट, पाच धारांचे, लाकडासारखे कठीण बोंड असते आणि ते पिकायला जवळपास वर्षभर लागत असल्याने नव्या कळ्यांच्या शेजारी गेल्या वर्षाची तपकिरी बोंडे लटकलेली आढळतात. बोंड तडकले की पातळ पडद्यासारखा एकच पंख असलेल्या बिया गिरक्या घेत वाऱ्याबरोबर दूर जातात.

मुचकुंदाभोवती परंपरेने जे साठवले आहे त्याचाही आढावा घेणे आवश्यक आहे, कारण झाडाची निवड बहुतेक वेळा त्यातून होते. भागवताच्या दशम स्कंधातील मुचुकुंद राजा, जो गुहेत निद्रिस्त होता आणि ज्याच्या दृष्टीने कालयवन भस्म झाला, त्याची कथा कोकणात जमिनीशी जोडली गेली आहे. लांजा तालुक्यातील माचाळच्या डोंगरात मुचकुंद ऋषींची गुहा दाखवली जाते आणि तिथून निघणारी मुचकुंदी नदी पूर्णगडाजवळ अरबी समुद्राला मिळते. लालबाग-परळच्या गिरण्यांत कामाला आलेल्या रत्नागिरीकरांच्या कानांवर हे नाव झाडाआधी नदीचे आणि ऋषींचे म्हणून पडलेले असणार. संस्कृत काव्यातील कर्णिकार म्हणजे मुचकुंदच, असे बंगाली परंपरा मानते आणि तिथे या झाडाला ते नाव आजही आहे. परंतु कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गात कर्णिकाराला उत्तम रंग असून गंध नसल्याची खंत कालिदासाने व्यक्त केली आहे, आणि रात्रीचा परिसर दरवळून टाकणाऱ्या मुचकुंदाला हे वर्णन लागू पडणे अशक्य आहे. बहाव्याला ते अधिक शोभते. भायखळ्याच्या राणीबागेसारख्या ठिकाणी किंवा वृक्षपरिचयाच्या पुस्तकांत जेव्हा मुचकुंदाखाली कर्णिकार हे नाव निःशंकपणे छापले जाते, तेव्हा या आक्षेपाची नोंद तरी व्हायला हवी.

औषधाच्या बाबतीत परंपरा स्पष्ट आहे. भावप्रकाशात मुचुकुंद शिरःपीडेवर सांगितला आहे आणि सुकलेल्या फुलांचा लेप कपाळावर लावणे हा घरगुती उपचार त्यातूनच आला. फुले व साल यांच्या अर्कांवर प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर बरेच काम झाले आहे, पण प्रयोगशाळेतील परिणाम आणि माणसावर सिद्ध झालेला उपचार यांत मोठे अंतर असते, आणि बाजारू जाहिराती हे अंतर पुसून टाकतात. कुळातील दुसरी एक वनस्पती मात्र गिरगाव-दादरच्या घरांत आजही प्रत्यक्ष वापरात आहे. मुरुडशेंग, म्हणजे हेलिक्टेरेस आयसोरा, हे सह्याद्रीच्या उतारावरील झुडूप. त्याची पिळलेल्या दोरीसारखी शेंग काष्ठौषधीच्या दुकानात सुटी मिळते आणि बाळगुटीत हिरडा, वेखंड, जायफळाबरोबर सहाणेवर तिचे वळसे उगाळले जातात. शहरात ज्यांनी हे झुडूप कधी पाहिले नाही त्या आज्याही शेंग हातात घेऊन तिची प्रत पारखतात.

मुंबईच्या वनस्पतींचा लेखी इतिहास जॉन ग्रॅहमपासून धरला जातो. टपाल खात्यात अधिकारी असलेल्या या हौशी अभ्यासकाचा मुंबई व परिसरातील वनस्पतींचा सूचिग्रंथ १८३९ मध्ये छापला गेला आणि त्याच्या शीर्षकातच आपोआप वाढणाऱ्या, लागवडीतल्या आणि बाहेरून आणलेल्या अशा तिन्ही प्रकारच्या वनस्पतींचा उल्लेख आहे. मुंबईसारख्या बेटासाठी ही त्रिविध विभागणी योग्यच होती. भराव टाकून जोडली गेलेली ही सात बेटे मुळात माड-ताडांच्या वाड्या, भातखाचरे, खाजण आणि काही खडकाळ टेकड्या एवढीच होती. मोठ्या जंगलवृक्षांचे इथले अस्तित्व बहुतांशी लागवडीचे आहे. १८६१ मध्ये डॅलझेल आणि गिब्सन यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ आला, तर थिओडोर कुक यांचा विस्तृत ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागशः प्रसिद्ध झाला आणि तो आजही प्रमाण मानला जातो. विसाव्या शतकाच्या आरंभीच धोबीतलावच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिसंग्रहाचा पाया घालणारे फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी मिलार्ड यांच्यासह सुंदर भारतीय वृक्षांवर जे लेखन केले, त्याचे पुस्तक ब्लॅटर यांच्या मृत्यूनंतर १९३७ मध्ये बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने काढले. मुंबईतल्या सुशिक्षित वर्गाला रस्त्यावरच्या फुलझाडांची गोडी लावण्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे. मिलार्ड हे स्वतः या संस्थेचे अनेक वर्षे कार्यवाह होते आणि शहरातील फुलझाडांच्या लागवडीत त्यांनी जातीने लक्ष घातले होते.

प्रत्यक्ष जमिनीवर या इतिहासाचे केंद्र भायखळ्याची राणीबाग आहे. पश्चिम भारताच्या कृषी-उद्यान संस्थेची बाग आधी शिवडीला होती. ती जागा पुढे दफनभूमीसाठी गेली आणि संस्थेचे काम भायखळ्याला आले. १८६२ मध्ये व्हिक्टोरिया गार्डन म्हणून खुली झालेली ही बाग आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान या नावाने महापालिकेकडे आहे, आणि लालबाग-परळच्या चाळींतून मुलांना घेऊन येणारे पालक ती प्राण्यांची म्हणून ओळखत असले तरी तिचे खरे वैभव तीन हजारांहून अधिक झाडांत आहे. मुचकुंद इथे आहे, गोरखचिंच आहे, आणि भेंडी कुळाच्या निरनिराळ्या उपकुळांची तुलना चालता चालता करता येईल अशी मुंबईत बहुधा ही एकच जागा आहे. २००७च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या मोठ्या पुनर्विकासाचा आराखडा पुढे आला तेव्हा ‘राणीबाग वाचवा’ मोहिमेने झाडांची मोजदाद करून, त्यांची ओळख पटवून, ही बाग वनस्पतिउद्यान म्हणून जपली पाहिजे ही भूमिका मांडली. नागरिकांनी केलेली ही नोंद केवळ आंदोलनाचे साधन राहिली नाही. शहरातील एका आवाराचा वृक्षकोश कसा तयार करावा याचा तो नमुना आहे आणि परळ-दादरमधील इतर जुन्या आवारांसाठी तसे काम होणे फार गरजेचे आहे.

मुचकुंदाचे वेगळेपण त्याच्या सगोत्रांशी तुलना केल्यावर अधिक उठून दिसते. भेंड, म्हणजे थेस्पेसिया पॉप्युल्निया, ही या बेटाची खरी रहिवासी म्हणता येईल. पिंपळासारखे हृदयाकृती पान, सकाळी पिवळे व तळाशी गडद लाल ठिपक्याचे उमलून संध्याकाळपर्यंत गुलाबी-तांबूस होणारे फूल, आणि न तडकणारे, चेंडूसारखे फळ, जे समुद्राच्या पाण्यावर तरंगत जाऊन दुसऱ्या किनाऱ्यावर रुजू शकते, ही तिची वैशिष्ट्ये. खाऱ्या वाऱ्याला ती दाद देत नाही, खुंट रोवला तरी फुटते, आणि तिचे लाकूड होड्या व गाड्यांच्या कामात वापरले जाई. भेंडी बाजाराचे नाव तिथल्या भेंडीच्या झाडांवरून पडले, असे सॅम्युअल शेपर्ड यांनी मुंबईच्या स्थलनामांवरील १९१७ च्या पुस्तकात नोंदवले आहे. हा परिसर आता समूह पुनर्विकासाखाली आहे आणि तिथल्या नव्या रस्त्यांच्या कडेला भेंड पुन्हा लावणे हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही सर्वथा योग्य ठरेल, कारण मर्यादित उंची आणि आटोपशीर माथा यांमुळे ती अरुंद रस्त्याला पेलते.

भेंड आणि कापूस यांचे नाते इतके जवळचे आहे की दोन्ही एकाच जमातीत, म्हणजे उपकुळाच्या आतल्या एका छोट्या गटात, मोडतात. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी काढलेल्या कंपनीची ताडदेवची गिरणी दोन वर्षांनी सुरू झाली आणि पुढच्या अर्धशतकात परळ, लालबाग, चिंचपोकळी, करी रोड हा सगळा मुलूख गिरणगाव झाला. शिवडीजवळच्या कॉटन ग्रीनमध्ये गासड्यांच्या गोदामांचे शहरच उभे राहिले. कापसावरची गुलाबी बोंडअळी आणि तांबडे ढेकूण हे कीटक भेंडीवरही निर्वाह करतात, म्हणून कापूस पिकवणाऱ्या प्रदेशात भेंड शेताजवळ नकोशी मानली जाते. मुंबईत शेतच नसल्याने हा आक्षेप इथे लागू होत नाही. झाडांच्या शिफारशी एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जशाच्या तशा उचलू नयेत, याचे हे चांगले उदाहरण आहे.

काटेसावर, बॉम्बॅक्स सीबा, हिची गोष्ट वेगळी. पानगळ झाल्यावर निष्पर्ण फांद्यांवर येणारी तिची मांसल लाल फुले दिवसा उघडी असतात, आणि साळुंक्या, बुलबुल, कावळे व हिवाळी पाहुण्या पळसमैना त्यांवर अक्षरशः तुटून पडतात. तिच्या बोंडातला रेशमी कापूस सूत काढण्याजोगा नसतो, कारण त्याचे तंतू आखूड आणि निसरडे असतात. म्हणून तो गिरणीत न जाता गादीवाल्याकडे गेला आणि सावरीच्या कापसाची उशी मऊ व थंड म्हणून नावाजली. लाकूड हलके असल्याने ते आगपेटीच्या काड्यांच्या उद्योगात खपले. जंगली बदाम, स्टर्क्युलिया फेटिडा, हा रस्त्याकडेने लावलेला आणखी एक नातलग. त्याच्या फुलांना इतकी दुर्गंधी येते की बहराच्या दिवसांत आसपासचे रहिवासी गटार तुंबल्याची तक्रार करतात, आणि त्यामुळे चांगली सावली देणारे हे झाड दाट वस्तीत लावणे चुकीचेच आहे. गोरखचिंच आफ्रिकेतून आलेली, प्रचंड घेराची. तिच्यासाठी राणीबागेसारखे आवारच हवे.

आता मुख्य प्रश्न उरतो तो जागेचा. गिरगावच्या फणसवाडी, आंबेवाडी, जांभूळवाडी, केळेवाडी या नावांत झाडे आहेत, पण वाड्यांच्या अंगणांत जमीन फरशीखाली गेली आहे आणि तिथे पारिजातक, औदुंबर यांपलीकडे मोठ्या वृक्षाला वाव नाही. कुलाबा-सीप्झ भुयारी मेट्रोच्या कामासाठी २०१७ पासून दक्षिण मुंबईतील अनेक मोठी झाडे गेली आणि उच्च न्यायालयापर्यंत तो वाद पोहोचला. मार्ग आता सुरू झाला असला तरी स्थानकांच्या डोक्यावर, काँक्रीटच्या छतावरील थोड्याशा मातीत, खोल मुळांचे झाड उभे राहणार नाही. दादरचे चित्र निराळे आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधारणा न्यासाने दादर-माटुंग्याची आखणी रुंद रस्ते आणि मोकळ्या चौकांसह केली, आणि मंचेरजी जोशी यांनी उभारलेल्या पारशी कॉलनीत रस्त्यारस्त्यांवर वेगवेगळ्या जातींची झाडे लावली गेली. पाच बगीच्यांचा परिसर आजही दाखवून देतो की झाडाला जमीन आखणीच्या वेळीच द्यावी लागते, मागाहून मिळत नाही.

परळ-लालबागमध्ये अशी संधी एकदा आली होती. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर बंद पडत गेलेल्या गिरण्यांच्या जमिनींसाठी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ठरवलेली वाटणी अशी होती की ढोबळमानाने एक हिस्सा मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी आणि एक मालकाकडे राहावा; २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. शहराच्या वाट्याला येऊ शकणारी उद्याने त्यामुळे फार आक्रसली. मोठ्या वृक्षांच्या दृष्टीने गेल्या अर्धशतकातील ही सर्वांत मोठी हानी होती, आणि तिची भरपाई रस्त्याकडेच्या रोपांनी होणे शक्य नाही. जे उरले ते संस्थांच्या आवारांत: हाफकिन संस्थेचे जुने राजभवन आवार, परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि पशुरुग्णालय, केईएम व टाटा रुग्णालयांचा परिसर, जुन्या शाळांची मैदाने. मुचकुंदाला लागते तशी खोल माती आणि मोकळे आकाश आज प्रामुख्याने अशा आवारांतच आहे.

वृक्षसंरक्षणाचा महाराष्ट्रातील कायदा १९७५ चा असून २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याचे बंधन घातले. ही सुधारणा स्वागतार्ह आहे, पण तिने हिशेब पुन्हा आकड्यांतच मांडला. महापालिकेच्या २०१८ मध्ये पूर्ण झालेल्या गणनेत शहरात सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे भरली, तरी या आकड्यावरून कोणते झाड कोणत्या मातीत, किती मोकळ्या जमिनीसह उभे आहे हे कळत नाही. एकाच जातीवर विसंबण्याचे परिणाम शहराने पाहिले आहेत: दक्षिण अमेरिकेतून आणून रांगेने लावलेली पर्जन्यवृक्षांची झाडे पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने गेल्या दशकात मोठ्या संख्येने वठली. ५ ऑगस्ट २०२० च्या वादळात कुलाब्याला ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा नोंदवला गेला, मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ शहराजवळून गेले, आणि दोन्ही वेळी मुळांभोवती काँक्रीट आवळलेली झाडे शेकड्यांनी उन्मळली.

या पार्श्वभूमीवर स्थानिक आणि परके ही सरसकट विभागणी अपुरी पडते. भेंड किनाऱ्याची, काटेसावर सह्याद्रीची, मुचकुंद भारतातलाच पण दूरच्या दमट पायथ्याचा, पर्जन्यवृक्ष दुसऱ्या खंडातला. ही चार पायऱ्यांची उतरंड डोळ्यांपुढे ठेवून जागा ठरवली तर निवड सोपी होते. मुचकुंद पदपथावर लावू नये. त्याची मोठी, सावकाश कुजणारी पाने पावसाळी गटारांच्या जाळ्यांवर साचतात, लाकडी बोंडे उंचावरून पडतात आणि वाढते खोड पदपथाच्या फरशा उचलते. रुग्णालयाच्या किंवा महाविद्यालयाच्या आवारात, इमारतीपासून दहा-बारा मीटर दूर, खोडाभोवती उघडी माती राखून आणि पडलेली पाने तिथेच कुजू देऊन तो लावला, तर रात्रपाळीला येणाऱ्या परिचारिकेला आणि मुक्कामाला असलेल्या रुग्णाच्या नातलगाला त्याचा गंध लाभेल, जो दिवसा फुलणाऱ्या झाडांकडून मिळत नाही. महापालिकेच्या रोपवाटिकांनी राणीबागेतील झाडांची बोंडे तडकण्याआधी उतरवून, प्रत्येक रोपासोबत मातृवृक्षाची नोंद ठेवून वाढ केली पाहिजे, आणि ब्लॅटर वनस्पतिसंग्रहात त्या मातृवृक्षांच्या खालच्या व वरच्या अशा दोन्ही फांद्यांचे नमुने, फुलाच्या व फळाच्या अवस्थेसह, जमा व्हायला हवेत. रात्री या फुलांवर मुंबईत कोणते पतंग येतात, रस्त्याच्या प्रखर दिव्यांमुळे त्यांचे येणे घटते का, आणि बेटावरच्या झाडांना भरलेली बोंडे किती प्रमाणात धरतात, ही निरीक्षणे पदवीच्या विद्यार्थ्यांनाही एका बहराच्या हंगामात करता येण्यासारखी आहेत. त्यासाठी झाडे पुष्कळ नकोत, दोन-तीन ओळखीची झाडे, एक विजेरी आणि आवाराच्या फाटकावर रात्री आत सोडण्याची परवानगी एवढे पुरेसे आहे.